झाड पाणी सोडतं हे पोरांना पटेल असं कसं दाखवायचं?

मास्तरीण_खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे झाड पानांतून वाफेच्या रूपात पाणी सोडतं त्याचा, धडा आला की दरवर्षीचा ठरलेला प्रयोग, जास्वंदीच्या फांदीला प्लॅस्टिकची पिशवी घालायची, सुतळीने तोंड आवळायचं आणि मधल्या सुट्टीनंतर जाऊन थेंब बघायचे. पोरं खूश, मी पण खूश.

यंदा धडा आला ऐन श्रावणात. दहा वाजता पिशवी बांधली, शेजारी एक रिकामी पिशवी पण तोंड बांधून लटकवली, कारण तुलना केल्याशिवाय प्रयोग म्हणायचा नाही हे मीच घसा कोरडा करून सांगत असते. दीड वाजता गेलो तर दोन्ही पिशव्या आतून धूसर! रिकाम्या पिशवीलासुद्धा बारीक बारीक थेंब. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मग त्या फांदीच्या पिशवीतलं पाणीपण हवेतलंच नाही कशावरून?"

मला तिला 'पुस्तकात दिलंय' म्हणून गप्प बसवायचं नाहीये. तिचं बरोबरच आहे. तर कोणी असा प्रयोग सांगेल का ज्यात हे पाणी झाडाचंच हे दिसेल? शाळेत प्रयोगशाळा नाही, एक तराजू आहे तो गंजलाय, पण वेळ आणि पोरं भरपूर आहेत.

अर्धा_चहा:
त्या मुलीला माझ्यातर्फे एक पेरू द्या ताई. लाख मोलाचा प्रश्न आहे.

लॅबमधला_काका:
ताई, मी कॉलेजात बॉटनीच्या लॅबला अठ्ठावीस वर्षं काढली, आता रिटायर झालोय. पहिली गोष्ट म्हणजे पावसात हा प्रयोग करूच नका. पान ओलं, फांदी ओली, पिशवीच्या आत बाहेर दमट हवा, त्यात मध्येच सर येऊन गेली की प्लॅस्टिक गार पडतं आणि आतली वाफ त्यावर बसते. रिकाम्या पिशवीत धुकं दिसणारच.

तुम्हाला सगळ्यात सोपा म्हणजे चार पानांचा प्रयोग. वडाची सारख्या आकाराची चार पानं देठासकट तोडायची. एकाला काहीच लावायचं नाही, दुसऱ्याला वरच्या बाजूला व्हॅसलिन, तिसऱ्याला खालच्या बाजूला, चौथ्याला दोन्हीकडे. चारही देठांच्या तुटक्या टोकालाही व्हॅसलिन लावायचं, हे लोक हमखास विसरतात आणि मग चीक आणि पाणी तिथून जातं. दोरीला ओळीने टांगून ठेवा. दोन-तीन दिवसांत पहिलं आणि दुसरं पान सुकून वाकडं होतं, तिसरं आणि चौथं हिरवं टवटवीत राहतं. वडाची पर्णरंध्रं, म्हणजे पानाची बारीक छिद्रं, खालच्या बाजूला असतात म्हणून. इथे हवेतलं पाणी वगैरे प्रश्नच येत नाही, कारण आपण पानातून काय गेलं ते बघतोय.

गच्चीबाग_पुणे:
काका, कोबाल्ट क्लोराईडचा कागद राहिला की! निळा कागद पानाला दोन्हीकडून काचपट्टीखाली लावायचा, खालचा आधी गुलाबी होतो. बारावीला केलेला, आजही डोळ्यासमोर आहे.

लॅबमधला_काका:
@गच्चीबाग मुद्दाम नाही लिहिला. कोबाल्ट क्लोराईड विषारी आहे, सहावीच्या पोरांच्या हातात द्यायची वस्तू नाही ती. आम्ही कॉलेजातसुद्धा चिमट्याने धरायला लावायचो. शिवाय श्रावणात कोकणात तो कागद पानापर्यंत पोचायच्या आधी नुसत्या हवेनेच गुलाबी होईल. तव्यावर शेकून निळा करायचा आणि धावत जाऊन लावायचा, अशी कसरत व्हायची.

हिशेबी:
मला तो हवेतल्या पाण्याचा प्रश्न सोडून द्यावासा वाटत नाहीये, कारण त्याचं उत्तर आकड्यात देता येतं. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम वाफ मावते. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. तुमची पिशवी फुगवून समजा ५ लिटरची. म्हणजे तिच्यात जास्तीत जास्त ०.१५ ग्रॅम वाफ. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिली असतो. म्हणजे रिकाम्या पिशवीतली हवा अगदी शेवटपर्यंत पिळून काढली तरी तीन थेंब, बास.

हे तीन थेंब पिशवीभर बारीक धुक्यासारखे पसरले की खूप वाटतात, डोळा तिथे फसतो. म्हणून थेंब 'बघू' नका, थेंब तोला. फांदीच्या पिशवीत तीन थेंबांपेक्षा जास्त पाणी निघालं तर ते वरचं पाणी पिशवीतल्या हवेतून आलेलं असूच शकत नाही. मुलीला हा हिशेब सातवीच्या गणितात करता येईल.

मास्तरीण_खाडीकाठ:
@हिशेबी हे फारच छान! गुणाकार भागाकार सगळा तिच्याकडूनच करून घेते. आणि काकांचं बरोबर आहे, पिशवी बांधताना रिमझिम चालूच होती आणि पानं ओली होती. मीच घाई केली, धडा संपवायचा होता.

रानपाखरू:
पिशवी वगैरे कशाला? सकाळी सकाळी अळूच्या खाचरात जा, प्रत्येक पानाच्या टोकाला पाण्याचा मोती लटकलेला असतो. गवताच्या टोकालाही. झाड पाणी सोडतं ह्याचा ह्याहून चांगला पुरावा कुठला.

लॅबमधला_काका:
@रानपाखरू ते बाष्पोत्सर्जन नव्हे हो. त्याला बिंदुस्राव म्हणतात. रात्री हवा दमट, पर्णरंध्रं मिटलेली, वाफ जाऊ शकत नाही, पण मुळं पाणी ओढतच असतात, मग मुळांच्या दाबाने पानाच्या टोकाच्या जलरंध्रांतून पाणी द्रवरूपातच बाहेर येतं. बाष्पोत्सर्जनात वाफ जाते, ती दिसत नाही, म्हणून तर एवढे प्रयोग करायला लागतात. आणि ते दवही नव्हे. दव पानभर पसरतं, दगडावर, पत्र्यावरही पडतं. हे थेंब फक्त टोकाला आणि कडेला येतात.

रानपाखरू:
म्हणजे इतकी वर्षं मी दव समजत होतो ते अळूच्या आतलं पाणी! उद्याच मुलाला घेऊन जातो, पानावरचे आणि टोकाचे थेंब वेगळे करून दाखवतो.

केळीबाग_रावेर:
काका म्हणतात तो मुळांचा दाब बघायचा असला तर आमच्याकडे या. केळीचा घड कापल्यावर खोड बुंध्यातून तोडा आणि वर वाटीसारखा खड्डा करून ठेवा, सकाळी त्यात पाणी साचलेलं असतं, वरून पाऊस नाही काही नाही.

आणि दुपारची पानं बघायचीत. एप्रिल-मे मध्ये बारा वाजले की केळीचं पान मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी खाली मिटतं, पुस्तक मिटल्यासारखं. संध्याकाळी परत उघडतं. ज्वारीचं पान तर सुरळी होतं. बाबा म्हणायचे पान मिटलं म्हणजे पीक पाणी मागतंय. आता ठिबकवाले लोक बाष्पीभवन आणि बाष्पोत्सर्जन असं दोन्ही धरून रोजचं पाणी काढून देतात, पण पान बघणं मी सोडलं नाही. ताई, तुमच्या पोरांना दुपारी आणि सकाळी एकाच पानाचं चित्र काढायला लावा, एक पैसा लागत नाही.

सुतारपक्षी_७:
मग ताडाची नीरा पण ह्यातच येते का?

लॅबमधला_काका:
नाही. नीरा गोड असते ना, ती अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून येते. हे सगळं चाललंय ते मुळांकडून वर जाणाऱ्या पाण्याचं, त्या नळ्या वेगळ्या.

तेरड्याचं_फूल:
त्या वर जाणाऱ्या नळ्या बघायच्या असतील तर आत्ताच वेळ आहे, गावात घरामागे तेरडा माजलाय. एक रोप मुळासकट हळूच उपटायचं, मुळं धुवायची आणि लाल शाईच्या पाण्यात उभं करायचं. तेरड्याचं खोड काचेसारखं पारदर्शक असतं, तासा-दोन तासांत आत लाल रेघा चढताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मग खोड आडवं कापायचं, लाल ठिपक्यांचं कडं दिसतं. मी मुलीच्या शाळेत केलेला तेव्हा एक रोप उन्हात ठेवलं आणि एक कपाटात अंधारात. उन्हातली रेघ पानापर्यंत पोचली तेव्हा कपाटातली अर्ध्यावर होती. एकच रोप घेतलं असतं तर नुसती गंमत झाली असती, दोन घेतल्यावर पोरांनी स्वतःच सांगितलं की वर पानं पाणी खर्च करतायत म्हणून खालून चढतंय.

फक्त घरामागचा तेरडा घ्या, पठारावरचा नको.

अर्धा_चहा:
माझ्या भाचीने हाच प्रयोग पांढऱ्या निशिगंधावर केला आणि देठ मधोमध चिरून एक भाग निळ्या पाण्यात, एक लाल पाण्यात. फूल खरंच अर्धं निळं अर्धं लाल झालं. आजीने ते देवाला वाहिलं आणि म्हणाली देवालाही बदल हवा 😄

गच्चीबाग_पुणे:
ताई, तुम्ही तराजू म्हणालात म्हणून माझा अनुभव लिहितो. मी गच्चीवर पाणी किती घालावं ह्या विवंचनेत होतो, म्हणून एप्रिलमध्ये टोमॅटोची कुंडी सरळ स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली. मातीतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून आख्खी कुंडी पिशवीत घालून पिशवी खोडाभोवती बांधली, फक्त झाड बाहेर. सकाळी सातला २४६० ग्रॅम, संध्याकाळी सहाला २३१५. म्हणजे १४५ ग्रॅम पाणी नुसत्या पानांतून गेलं! रात्रभरात फक्त १२ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी हिरव्या जाळीखाली ठेवली तर दिवसाला ६० च्या आसपास. (पिशवी एक-दोन दिवसच ठेवा, मुळांनाही हवा लागते.)

मग शोधताना कळलं की ही युक्ती तीनशे वर्षं जुनी आहे. इंग्लंडात स्टीफन हेल्स म्हणून एक पाद्री होता, त्याने १७२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीन फूट उंचीचं सूर्यफूल कुंडीत लावून कुंडीचं तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केलं, सांधे लिंपले, आणि सकाळ-संध्याकाळ कुंडी तोलली. बारा तासांच्या दिवसात सरासरी २० औंस, म्हणजे साधारण ५७० ग्रॅम पाणी जायचं. आपली प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे त्याचा शिशाचा पत्रा. पाणी हवेतून आलं का झाडातून हा वादच मिटला, कारण कुंडीचं वजन कमी झालं ते कुठेतरी गेलंच ना.

हिशेबी:
वा. ह्यातला जाळीचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. नुसतं '१४५ ग्रॅम गेलं' ह्यापेक्षा 'सावलीत निम्म्याहून कमी गेलं' ह्यात जास्त विज्ञान आहे.

शाळेतली_घंटा:
मी पाचवीला असताना गुरुजी म्हणायचे 'झाडाला घाम येतो'. अजून तेच डोक्यात बसलंय. सोप्पं आहे, पोरांना लगेच कळतं.

तेरड्याचं_फूल:
लगेच कळतं पण चुकीचं कळतं. आपल्याला घाम येतो तो अंग गार करायला, त्यासाठी वेगळ्या ग्रंथी असतात. झाड पर्णरंध्रं उघडतं ते कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला, अन्न करायचं म्हणून. दार उघडलं की पाणी निसटतं. मुळांनी घेतलेल्या १०० भाग पाण्यातलं ९७ च्या वर असंच उडून जातं. तो झाडाचा खर्च आहे, घाम नव्हे.

केळीबाग_रावेर:
नुसता खर्च कसा म्हणता ताई? मे महिन्यात पत्र्याला हात लावा आणि शेजारच्या केळीच्या पानाला लावा, दोघं एकाच उन्हात. पत्रा भाजतो, पान नाही भाजत. पाणी उडतं म्हणून पान वाचतं. पाणी तुटलं की कडा करपतात, डाग पडतात, हे मी दरवर्षी बघतो. आणि पाणी उडालं नाही तर खालून खत-मीठ वर कोण ओढणार?

लॅबमधला_काका:
दोघांचंही खरं आहे. दार उघडायचं कारण अन्न, आणि दार उघडल्यावर पान गार राहतं, क्षार वर येतात हे सोबतचे फायदे. पोरांना एवढंच सांगा की झाडाला पाण्यासाठी दार बंद ठेवायचं असतं आणि अन्नासाठी उघडायचं असतं, आणि दिवसभर त्याची हीच ओढाताण चालते. निवडुंग, घायपात, पानफुटी ह्यांनी त्यावर तोड काढली, ते दार रात्री उघडतात. गार हवेत पाणी कमी जातं, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवायचा आणि दिवसा दार लावून अन्न करायचं. पानफुटी तुमच्याकडे कुंपणाला मिळेल ताई. एक पिशवी दिवसा, एक रात्री बांधून बघा.

आणि ते दार दाखवायचं असेल तर पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा हात मारायचा, वाळला की चिकटपट्टी लावून ओढायचा. पानाचा ठसा निघतो. केंद्रशाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर त्याखाली ठेवा. राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तशा दोन पेशी आणि मध्ये फट. पहिल्यांदा बघणाऱ्या पोराचा एक डोळा भिंगाला आणि तोंड उघडं, हा चेहरा मी अठ्ठावीस वर्षं बघितला, कंटाळा नाही आला.

मास्तरीण_खाडीकाठ:
काका, ठसा नक्की घेणार. धागा मी वहीत उतरवून घेतलाय. ऊन पडू दे, मग परत करते आणि इथे कळवते.

सुतारपक्षी_७:
वाट बघतोय. पेरूचं विसरू नका.

मास्तरीण_खाडीकाठ:
मंडळी, उशीर झाला, सहामाही परीक्षा होती. नवरात्रानंतर इथे चांगलं ऊन पडलं, हवा जरा कोरडी झाली, तेव्हा शनिवारी पुन्हा प्रयोग लावला. भावाच्या दुकानातून छोटा डिजिटल काटा आणला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. सारख्या तीन पिशव्या, ५ लिटरच्या, आधी कोरड्या तोलून घेतल्या. पहिली जास्वंदीच्या नऊ पानांच्या फांदीला, दुसरी तेवढ्याच फांदीला पण पानं काढून, तिसरी रिकामी. बांधायच्या आधी पोरांनी फांद्या रुमालाने पुसल्या. साडेदहा ते दीड.

त्याआधी फळ्यावर हिशेबींचा हिशेब मांडला. पोरांकडून अंदाज लिहून घेतले. एकाने दुसऱ्या पिशवीसाठी शून्य लिहिलं, एकाने 'पहिलीत वाटीभर' लिहिलं.

दीड वाजता पहिली पिशवी अशी झाली होती की आतली पानं दिसेनात. थेंब नुसते चिकटलेले नव्हते, एकमेकांत मिसळून ओघळत होते आणि खालच्या कोपऱ्यात पाणी लोंबत होतं, पिशवी त्या बाजूला ओढली गेली होती. फांदीला टिचक्या मारून पानांवरचं पाणी खाली पाडलं, पिशवी काढली, बाहेरून पुसली आणि तोलली. ३.४२ ग्रॅम जास्त! थोडं पानांवर राहिलंच, म्हणजे खरा आकडा ह्याहून जास्तच. रिकामी पिशवी ०.०८. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने स्वतः आकडे वाचले आणि फळ्यावर ०.१५ च्या खाली रेघ मारून म्हणाली, "बाई, हवेतलं इथे संपलं. वरचं सगळं झाडाचं." पेरू दिला. दोन दिले.

पण आता नवीन भानगड आहे. पानं काढलेल्या फांदीच्या पिशवीत ०.४१ ग्रॅम निघालं. ०.१५ पेक्षा जास्त. तीच मुलगी विचारते, "पानंच नाहीत तर हे कुठून?"

हिशेबी:
वा!! म्हणजे ०.२६ ग्रॅमचा तरी हिशेब लागत नाहीये. मला हा आकडा ३.४२ पेक्षा जास्त आवडला.

तेरड्याचं_फूल:
पानं तोडलेल्या जागा? जास्वंदीची पानं तोडली की जखमेतून चिकट पाणी येतं. नऊ पानं म्हणजे नऊ जखमा.

लॅबमधला_काका:
ते एक. दुसरं म्हणजे फांदी कोवळी हिरवी होती का? हिरव्या खोडालाही पर्णरंध्रांसारखी रंध्रं असतात. आणि जून झालेल्या फांदीच्या सालीवर जे बारीक खरबरीत ठिपके दिसतात ती वल्करंध्रं, त्यातूनही थोडी वाफ जाते. पाणी फक्त पानातून जातं असं कोणीच म्हटलेलं नाही, बहुतेक पानातून जातं एवढंच.

मास्तरीण_खाडीकाठ:
फांदी हिरवीच होती काका, शेंड्याकडची. आणि जखमांना मी काहीच लावलं नव्हतं, तुम्ही वडाच्या देठाचं सांगितलेलं तरी सुचलं नाही.

येत्या शनिवारी चार पिशव्या लावतो. पानं काढून जखमांना व्हॅसलिन लावलेली हिरवी फांदी, तशीच जून फांदी, तिसरीत पूर्ण फांदीलाच व्हॅसलिन, आणि एक रिकामी. व्हॅसलिनची डबी तिच मुलगी घरून आणणार आहे, आईला विचारून.